वारज्याच्या लॉनला पोटॅश

२१ सप्टेंबर, रविवार

तनुजाचा साखरपुडा ठरला. ९ नोव्हेंबर. मुलगा शुभंकर, घर लोणी काळभोरचं, माणसं चांगली. दीपमाला म्हणाली, अहो, आजच कर्वेनगरचं कार्यालय बुक करून टाका. मी म्हणालो, कार्यालय कशाला? सोसायटीचं लॉन आहे आणि लॉनचा उद्यानप्रमुख घरातच आहे. ती म्हणाली, उद्यानप्रमुख दिसतोय, लॉन कुठे आहे? लग्नाला तीस वर्षं झाली, पण दूरदृष्टी काही आली नाही तिला.

खाली जाऊन पाहून आलो. गवत थोडं विरळ आहे. मध्ये पोरांचं क्रिकेटचं पिच, तिथे अजिबातच नाही. कडेने सकाळच्या फिरणाऱ्यांनी पायवाट पाडली आहे. उरलेलं मात्र उत्तम. उरलेलं म्हणजे नळाजवळचं.

तनुजा याच लॉनवर चालायला शिकली. चार पावलं टाकली आणि धप्पकन बसली. माझ्याकडे बघून हसली होती. अंगठीही तिथेच घालायची. ठरलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

इंग्लंडमधल्या एका गृहस्थांचा व्हिडिओ पाहिला. शरद ऋतूत लॉनला पोटॅशियम द्यायचं म्हणे. मुळं घट्ट होतात, गवत रोगाला दाद देत नाही, आणि हिवाळ्यात वरून बर्फ पडला तरी तगून राहतं. दीपमालाने विचारलं, वारज्यात बर्फ कधी पडला? मान्य. पण नेमका साखरपुड्यालाच पडला तर?

२४ सप्टेंबर, बुधवार

खतांच्या दुकानात गेलो. पोटॅश मागितलं. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, किती एकर? दीड गुंठा म्हणालो. मग मान वर केली. म्हणाला, एवढ्याला पोटॅश कशाला, चुलीतली राख टाका की. गिऱ्हाइकाशी बोलायची ही पद्धत नव्हे. काहीही न घेता बाणेदारपणे परत आलो. वाटेत लक्षात आलं की आपल्याला रासायनिक नकोच होतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

केळ्याच्या सालीत पोटॅशियम असतं. आणि नवरात्र चालू आहे, अर्धी सोसायटी उपासाला केळीच खातेय. याला म्हणतात प्लॅनिंग. लिफ्टजवळ बादली ठेवली. वर पाटी लावली: येथे फक्त केळ्याच्या साली टाकाव्यात. केळी खाणे आपले काम, पुढचे आमचे.

२७ सप्टेंबर, शनिवार

बादली भरली. साली, राजगिऱ्याच्या लाडवांचे कागद, थोडी साबुदाण्याची खिचडी, एक मोजा. प्रतिसाद उत्साहवर्धक. साली मिक्सरमधून काढणार होतो, पण दीपमालाने मिक्सर कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. अखंडच अंथरल्या.

संध्याकाळी दांडिया. मांडवामागे कणीसवाल्याची कोळशाची शेगडी असते, तिथे रोजच्यासारखं लिंबू-तिखट लावून एक कणीस खाल्लं. उपासाला कणीस चालतं का, यावर घरात मतभेद.

२८ सप्टेंबर, रविवार

लॉनवर माश्या. जमीन जिवंत असल्याचं लक्षण आहे हे.

दुपारी लॉनवर जरा आडवा झालो होतो. सालीवरून घसरलो नाही. मातीचा ओलावा जवळून बघायचा होता. बी विंगचे दिगंबर गॅलरीतून म्हणाले, बद्रीनाथराव, ओलावा बघून झाला असेल तर उठा, माणसं घाबरतायत. दिगंबर म्हणजे नवरात्र मंडळाचे अध्यक्ष. उद्यानप्रमुखपदासाठी ते माझ्याविरुद्ध एका मताने पडले. ते एक मत माझंच होतं, म्हणून त्यांना अजून खुपतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

कमिटीने साली उचलायला लावल्या. उचलल्या. पोटॅशियम तोवर खाली उतरलंच असणार.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा झाला. आज मांडव उतरतोय. मांडवामागे राखेचं पोतं दिसलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अष्टमीच्या होमाची राख! राख म्हणजेच पोटॅश. (हे मी स्वतः शोधून काढलं.) होमाच्या राखेचं विसर्जन मी करतो, असं दिगंबर परवा सगळ्यांदेखत म्हणाले होते. पोतं तसंच पडलंय. बोलाची कढी. त्यांना विचारायला गेलो असतो तर भाव खाल्ला असता, म्हणून न विचारता उचललं. चांगलंच जड आहे. एका होमाची एवढी राख म्हणजे यंदा तूप शुद्ध असणार.

४ ऑक्टोबर, शनिवार

राख चाळली. चाळणी दीपमालाची रव्याची. धुऊन जागेवर ठेवली आहे, विषय काढायचा नाही.

राखेत जळकी कणसाची बुरकुंडं निघाली. बरीच. पूर्णाहुतीला नारळ टाकतात हे माहीत होतं, कणसं टाकतात हे नवीन कळलं. यंदा गुरुजी बदललेत, त्यांची पद्धत असेल.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळीच राख उधळली. वारा बी विंगकडे होता, त्यात माझा दोष नाही. दिगंबर यांचे पांढरे शर्ट वाळत होते, त्यात तर मुळीच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर आरडाओरडा. खोकला, गाड्यांच्या काचा, शर्ट. शेवटी मी लिहिलं: ही साधी राख नाही. अष्टमीच्या होमाची आहे. विसर्जन पाण्यात न करता भूमातेत केले आहे. कृपया नोंद घ्यावी.

ग्रुप एकदम गार. मग हात जोडलेले. मग आणखी हात जोडलेले. ए विंगच्या एक आजी लिहितात, आमच्या गॅलरीत आली तेवढी पुसून डबीत ठेवली. दिगंबर यांनी नुसता अंगठा टाकला. हार मानायची एकेकाची पद्धत असते.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. दूध लॉनवर आटवणार होते, ते गच्चीवर नेलं. होमाच्या राखेवर चपला घालून कसं बसायचं, असं सगळे म्हणाले. पोरांचं क्रिकेटही बंद. सकाळचे फिरणारे गेटबाहेरच्या फुटपाथवर गेले. लॉनला आयती विश्रांती. एका राखेत दोन पक्षी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

लॉन हिरवंगार! पिचवरसुद्धा कोंब आले. दीपमाला म्हणाली, पाऊस पडून गेला आणि कोणी तुडवत नाही, येणारच की. पोटॅशियमचं नावही घेतलं नाही. इंग्लंडच्या गृहस्थांना फोटो पाठवला. उत्तर नाही. भारावले असतील.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. लॉनच्या चारी कोपऱ्यांत कोणीतरी पणत्या लावल्या आहेत. नळाजवळ एक नारळ आणि हळदकुंकू.

गवतावर अनवाणी चार पावलं चालावं म्हणून पाय ठेवला, तर वॉचमन कचरूने शिट्टी मारली. म्हणाला, काका, बाहेर या, होमाची राख हाय. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाला, तुम्हीच की. कर्तव्यदक्ष माणूस. बाहेर आलो.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दीपमालाने न सांगता कार्यालयात फोन केला. आपली तारीख गेली. तिने फोन ठेवला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

तनुजा म्हणाली, बाबा, लोक लॉनवर येतील ना? मी म्हणालो, अगं, पाहुणे लोणीचे. ते आपल्या ग्रुपवर कुठे आहेत? त्यांनी एकदा पाय टाकला की सोसायटीवालेही येतील मागोमाग. ती बरं म्हणाली. तिच्या आईसारखंच बरं म्हणते ती.

८ नोव्हेंबर, शनिवार

मांडववाला गेटवर कचरूशी बोलला आणि खांब रोवायला नाही म्हणाला. हरकत नाही. उघड्यावरच छान दिसेल. कचरूला चहाला पाठवून खुर्च्या मी स्वतः मांडल्या. लॉनभर. पायांत धुतलेले मोजे घातले होते, मान ठेवला. मधोमध तनुजा आणि शुभंकरसाठी सोफा.

हवामान पाहिलं. बर्फाची शक्यता नाही. तरी पोटॅशियम दिलेलं आहे, त्यामुळे निर्धास्त.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११

पाहुणे आले. शुभंकरची आजी वेणूबाई सगळ्यांत पुढे. लॉनपाशी आल्या, पणत्या पाहिल्या, नारळ पाहिला, थांबल्या. हितं काय हाय, म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत कचरूने सगळं सांगितलं, अष्टमीपासून. वेणूबाईंनी चपला काढल्या, वाकून नमस्कार केला. त्यांच्यामागे सगळ्या लोणीकरांनी केला. मी म्हणालो, या ना आजी, बसा. त्या म्हणाल्या, इवाई, होमाची राख हाय ती. तिच्यावर पाय कसा द्यायचा? लेकरांचं चांगलं व्हायचंय. आपण कडंला बसू.

कडेला पार्किंग आहे.

दुपारी ३

साखरपुडा पार्किंगमध्ये झाला. तनुजाला अंगठी घातली ती दोन ॲक्टिव्हा आणि दिगंबर यांच्या गाडीच्या मधल्या जागेत. मध्येच एकाला बाईक काढायची होती, तेव्हा विधी थोडा थांबवला. फोटोग्राफरने प्रत्येक फोटोत मागे लॉन घेतलं. फारच सुंदर आलंय. हिरवंगार, आणि वर माझ्या रिकाम्या खुर्च्या.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, फार वाईट वाटलं. पण सोसायटीच्या इतिहासात असं गवत झालं नव्हतं, हे कोणी नाकारू शकत नाही.

संध्याकाळी ५.३०

पाहुणे गेले. वेणूबाईंनी निघताना लॉनच्या कडेची चिमूटभर माती कपाळाला लावली, थोडी पदराच्या टोकाला बांधून नेली. देव्हाऱ्यात ठेवणार आहेत.

नंतर दिगंबर अभिनंदनाला आले. मी म्हणालो, बघा, तुमच्याच होमाच्या राखेने लॉन कसं झालं. ते म्हणाले, होमाची राख होय? ती मी दसऱ्याला सकाळीच नदीवर नेली, तांब्याएवढी होती. ते पोतं कणीसवाल्याचं. नऊ दिवसांची शेगडीची राख. न्यायला आला होता बिचारा, सापडलं नाही म्हणाला.

मी विचारलं, त्या दिवशी ग्रुपवर का नाही बोललात? म्हणाले, बोललो असतो तर पोरं परत क्रिकेट खेळली असती. आणि तुम्ही विचारलंत कुठे? एक पेढा घेतला आणि लॉनमधून सरळ, चपला घालून, बी विंगकडे गेले. कचरूने शिट्टी मारली नाही. त्यालाही माहीत असावं.

वेणूबाईंना कोणी आणि काय सांगायचं, यावर दीपमाला म्हणाली, काही नाही सांगायचं, पदर धुवेपर्यंत विसरतील. मग हसायला लागली, ती अजून हसतेय.

तनुजाला मीच सांगितलं. ती हसली नाही. जवळ येऊन बसली. मी म्हणालो, जाऊ दे, लग्नाला अजून वेळ आहे, तोपर्यंत मी लॉनला... ती म्हणाली, बाबा, लग्नाचं कार्यालय मी आणि शुभंकरने मघाशीच फोनवर बुक केलं. तिथे लॉन नाहीये. मुद्दाम विचारून घेतलं.