अप्पांचा लाल कोट

लातूर,
९ फेब्रुवारी २०२५

श्रीशैल,

शरणु शरणार्थी. इकडं सगळे बरे आहेत. तिकडं गौरम्मा वहिनी बरी असेल. विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. तुझी खुशाली कळावी अशी मला काही तळमळ न्हाई.

तुझ्या निवृत्तीच्या सत्काराची पत्रिका पोचली, आतली चिठ्ठी पण. शेवटच्या चालीला पहिलं क्लॅरिनेट मी धरावं म्हणतोस. 'जुनं सगळं विसरू' म्हणतोस. काय विसरायचं ते पण तूच ठरवून राहिलास. आणि खाली बारक्या अक्षरात लिहितोस, 'मामांना आणू नकोस, नांदेडपर्यंतची दगदग त्यांना सोसायची न्हाई.' तुझा मामा पंच्याऐंशीचा झाला तरी रोज पान खायला गंजगोलाईपर्यंत चालत जातो. दगदग त्यांची न्हाई रे, तुझी होणार आहे.

गौरव अंक वाचला. एकशे वीस पानं. विद्यापीठातल्या पोरापोरींना फुंकायला शिकवलंस, पन्नास जणांचा वाद्यवृंद उभा केलास, दिल्लीला वाजवून आलास. हदगाव-धर्माबादची शेतकऱ्यांची पोरं तुझ्यामुळं नोटेशन वाचायला लागली. खरं आहे ते, मी नाकारत न्हाई. तू लई चांगला मास्तर आहेस. पण 'गुरू' या मथळ्याखाली पुण्याचे ते लष्करी बँडातले निवृत्त कॅप्टन एकटेच आहेत. बाप गेल्यावर तुला उदगीरहून आणून ज्यानं घरात वाढवलं, तो शंकरप्पा बँडवाला, आमचे अप्पा, कुठल्या पानावर आहे ते मला दाखव. क्लॅरिनेट वरातीला गेलेलं असायचं, म्हणून त्यांनी लाटण्यावर शाईचे ठिपके काढून तुझी बोटं बसवली. ठिपके कधीच गेले. लाटणं अजून आमच्या घरात आहे, पोळ्या त्यावरच होतात.

आता बावीस वर्षांपूर्वीचं. तुझा लातूरचा कार्यक्रम. पहिलं क्लॅरिनेट वाजवणारा विद्यार्थी आजारी पडला म्हणून तू मला बोलावलंस. शेवटची चाल संपली, तू मूठ मिटलीस, सगळी वाद्यं थांबली आणि मी एकटा चाल पहिल्यापासून वाजवत सुटलो. सभागृह हसलं. तू माइकवर म्हणालास, 'आमचे हे कलाकार लग्नात वाजवतात. नवरदेव मांडवात पोचेपर्यंत थांबायचं नसतं, ती सवय जात न्हाई.' लोक परत हसले. मी पण हसलो आणि खाली बसलो.

ती सवय नव्हती, श्रीशैल. आठ दिवस तालमीत तुझी मूठ मिटली की मी थांबत होतो. त्या दिवशी निवेदन करणाऱ्या बाईंनी माइकवर तुझी ओळख वाचली. कॅप्टनचं नाव तीनदा आलं, अप्पांचं एकदा पण न्हाई. अप्पा पहिल्या रांगेत बँडचा लाल कोट घालून बसले होते. माझं डोकं फिरलं. एवढ्या लोकांपुढं तुझा हात खोटा पाडायचा होता मला, आणि मी तो पाडला. आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई.

अप्पांना तर त्यातलं काहीच ऐकू आलं न्हाई. चाळीस वर्षं ढोलाच्या शेजारी उभं राहून कान गेलेले. बाईंचे ओठ हलताना बघून त्यांना वाटलं, आपलं नाव घेतलं. घरी येऊन आईला म्हणाले, 'भाच्यानं नाव घेतलं बघ माझं, एवढ्या मोठ्या लोकांत.' आणि मला म्हणाले, 'तू मात्र त्याचं नाक कापलंस.' त्यानंतर त्यांनी मला बँडात पुढं उभं केलं न्हाई. बँड चालला तोवर मी मागच्या रांगेत वाजवलं. खरं सांगितलं असतं तर त्यांचा तेवढा एक आनंद गेला असता, म्हणून गप्प बसलो. तुझ्यासाठी बसलो असं समजू नकोस.

दिवाळीत अप्पांच्या कानाला मशीन बसवलंय. आता त्यांना शेजारच्या कुकरची शिट्टी पण ऐकू येते. तुझी पत्रिका त्यांच्याच हातात पडली. चिठ्ठी तेवढी मी खिशात घातली. लाल कोट कालच इस्त्रीला दिलाय. 'त्या टायमाला नुसतं बघितलो, या टायमाला श्रीशैल काय म्हणतो ते नीट ऐकतो,' असं ज्याला त्याला सांगून राहिले.

तर आम्ही दोघं येतोय. अप्पा पहिल्या रांगेत बसतील. त्यांना दुसरीकडं हलवायला कुणाला पाठवू नकोस. मी तुझ्या शेवटच्या चालीला क्लॅरिनेट धरतो. त्याआधी तू स्वतः माइकवर त्यांचं नाव घे. मामा म्हणून न्हाई, गुरू म्हणून, आणि बँडवाला हा शब्द गाळू नकोस. घेतलंस तर तुझी मूठ मिटली की मी थांबीन.

न्हाई घेतलंस तर थांबणार न्हाई. आणि त्या वेळी ती सवय नव्हती, हे या वेळी मी माइकवर सांगीन.

शंकरप्पा बँडवाल्याचा मुलगा,
सिद्धराम