टेबलावरचा रेडिओ

१० सप्टेंबर १९६५

खिडक्यांना काळा कागद लावला. मापाने कापून — अंदाजपंचे नाही! ब्लॅकआउटची आमच्या घरांच्या ओळीची तपासणी माझ्याकडे आहे. कुणाच्या दाराखाली रेघ, कुणाच्या कौलातून ठिपका. फक्त शकुबाईंची खोली गच्च काळी. रस्त्यावरूनच ओरडलो, "शंभरपैकी शंभर!" आतून नुसतं हसू आलं. विधवा बाई, मुलगा बंडू फौजेत ट्रक चालवतो, तिकडे सीमेवर. पण शिस्त पाहा!

१४ सप्टेंबर

फॅक्टरीत डबल पाळी. घरी येतो तर बातम्यांसाठी सगळी ओळ हजर! रेडिओ विकत कोणीही घेतो. मी तो बनवला. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं पुस्तकांवरून. सोल्डरचा डाग न् डाग माझ्या हातचा, सागवानी पेटीसुद्धा. नियम दोनच — चपला बाहेर, आणि हात लावायचा नाही.

शकुबाई रोज उंबऱ्यातच उभ्या. सौ. सत्यवती म्हणते, "आत या की." "राहू द्या वहिनी, इथून ऐकू येते."

१९ सप्टेंबर, रविवार

देवळात पाळकसाहेबांनी बायबलातल्या श्रीमंत तरुणाची गोष्ट घेतली — सगळं विकून दे म्हटल्यावर तो खिन्न होऊन घरी परतला. "वस्तू सोडवत नसेल, तर मालक तू की ती?" मी मागे वळून पाहिलं, कोणाकोणाला झोंबतंय.

परतताना गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारात सौ. म्हणे, "अहो, आपला रेडिओ?"

"आपण काय श्रीमंत आहोत?"

"तो तरुणही घरी जाऊन हेच म्हणाला असेल."

हिच्याशी धर्मावर बोलायचं नाही.

२३ सप्टेंबर

लढाई थांबली! आमच्या ओळीत पहिल्यांदा माझ्या रेडिओवर कळलं. बंडू खुशाल आहे, पण सुट्टी नाही.

१६ ऑक्टोबर

उद्या देवळात हंगामाचा सण. आमच्याकडून भोपळा. रेडिओही नेतो — मंडळीला दुपारच्या बातम्या ऐकवू.

"मिरवायला?" — सौ.

"ऐकवायला!"

१७ ऑक्टोबर, रविवार

जेवण बाजूला सारून आधी हे लिहितो.

प्लग वेदीजवळ. म्हणून रेडिओ तिथल्या टेबलावर ठेवला — भोपळे, गहू, कोंबड्या, अंडी यांच्या शेजारी. आता त्या टेबलावर ठेवलं ते देवाचं, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव, हे मला लहानपणापासून ठाऊक! पण प्लग दिसला आणि अक्कल गेली. लिलाव पुकारणाऱ्या शरच्चंद्र मास्तरांनी भोपळा विकला, कोंबडा विकला, आणि रेडिओवर हात ठेवला. (हात!) "वाह मिस्त्री! असं अर्पण आजवर कोणी दिलं नाही! चलो, बोलो भाई!"

टाळ्या. पाळकसाहेबांचे डोळे ओले. आता कोणत्या तोंडाने सांगू, की मी बातम्यांसाठी आणला?

म्हटलं, आपणच सोडवू. बोली लावली. सगळे गप्प, माझाच म्हणून. इतक्यात बायकांच्या बाजूने — "एक रुपया जास्त!" शकुबाई! मी चढवली. "एक रुपया जास्त!" हशा. पुन्हा मी, पुन्हा ती. सौ. पदरात तोंड घालून हसून राहिली होती.

मग बंडू आठवला. आई उंबऱ्यात उभी राहून मुलाची खबर ऐकते. मी थांबलो. मास्तरांनी टेबल ठोकलं. रेडिओ शकुबाईंचा.

१८ ऑक्टोबर

रेडिओचा कोनाडा रिकामा. पण मन काय हलकं! त्या तरुणाला नाही सोडवलं, मला तर सोडवला बुवा. पाळकसाहेबांनी रस्त्यात सायकल थांबवून हात हातात घेतला. फॅक्टरीत जेवणाच्या सुट्टीत चौघांना किस्सा सांगितला.

२० ऑक्टोबर

आणखी तिघांना सांगितला. सौ. म्हणते, "रेडिओ गेला, आता हा किस्सा वाजतोय."

२२ ऑक्टोबर

शकुबाईंकडून रेडिओचा आवाज काही येत नाही. काटा नीट फिरवता येत नसेल. रविवारी जाऊन शिकवतो.

२४ ऑक्टोबर, रविवार

गेलो. आठ वर्षं शेजारी राहून पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं. ट्रंकेवर रेडिओ, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर बंडूचा फोटो. प्लग हातात घेऊन भिंती पाहत राहिलो. बटण नाही, वायर नाही. खुंटीला कंदील.

"भाऊ, मी तर देवाच्या कामासाठी बोली चढवून राहिले होते. तुम्ही मधीच काहून थांबलात? घेऊन जा ना आपला, मी काय करू याचं?"

शंभरपैकी शंभर दिले होते मी या घराला!

रेडिओ तिथेच राहील, बोलीचे पैसे मी भरीन. संध्याकाळी वायर आणि होल्डर घेऊन निघालो, तर सौ. विचारते, "आधी रेडिओ?"

नाही. आधी दिवा.