बोलणं ‘क’ तुकडीचं

मी, सखू भागोजी पालशेतकर, वय एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, मूळ गाव दाभोळ, सध्या राहणार रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझ्या भावासाठी आहे. इतर कोणाला माझ्या शुद्धीची शंका नाही.

मसुदा माझा विद्यार्थी ॲडव्होकेट स्वरूप बेर्डे याने तपासला. “बाई, मृत्युपत्रात एवढी हकिकत लिहीत नाहीत,” असं तो म्हणाला. मी म्हटलं, “स्वरूप, पायऱ्या न दाखवता गणिताला गुण दिलेत का मी कधी?” त्यानंतर त्याने एकही ओळ खोडली नाही.

कलम पहिले. रत्नागिरीतलं माझं राहतं घर, जे मी माझ्या पगारातून बांधलं आणि ज्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही, ते माझी विद्यार्थिनी नम्रता नाटेकर हिला मिळावं. गावाकडून कॉलेजसाठी येणाऱ्या मुलींना राहायला तिने ते चालवावं. मुली खाडीकाठच्या असोत वा वरच्या वाड्यांवरच्या. अटी दोनच. या घरात मासळी शिजेल. आणि या घरात कोणी कोणाच्या बोलण्याची नक्कल करणार नाही.

कारण असं. मी पाचवीत जाणार तेव्हा माझ्या बापाने मला दाभोळहून रत्नागिरीला आत्याकडे आणून ठेवलं. नाव घालायला आम्ही शाळेत गेलो. प्रवेश देणाऱ्या गुरुजींनी विचारलं, “वडील काय करतात?”

मी म्हटलं, “बा दर्यात जातो. म्हावरा आणतो.”

“मासे म्हण. आणि हे काय?” त्यांनी समोरचा पेला दाखवला.

“पानी.”

“पाणी.”

“पानी,” मी पुन्हा म्हटलं. मला दोन्हींत फरक ऐकूच येत नव्हता.

गुरुजींनी मला पाढे विचारलेच नाहीत. मला तिसापर्यंत येत होते. ते शेजारच्या गुरुजींना म्हणाले, “मुलगी हुशार असेलही, पण बोलणं ‘क’ तुकडीचं आहे.” बाप हात जोडून उभा होता. बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, “क म्हंजे चांगला ना गो?” मी हो म्हटलं.

‘अ’ मध्ये वकील, डॉक्टर, मामलेदार यांची मुलं. ‘क’ मध्ये आम्ही, म्हणजे होडीवाल्यांची, नांगरवाल्यांची आणि ज्यांचे बाप मुंबईत भांडी घासत त्यांची. विज्ञानाचे चांगले शिक्षक आमच्याकडे फिरकत नसत. आमच्यातली निम्मी मुलं आठवीपर्यंत गळाली. ती गळाली की लोक म्हणत, “यांना शिक्षणाची आवडच नाही.”

मी गळले नाही. डी.एड.ला पुण्यात गेले. तिथे पहिल्याच पाठाला निरीक्षक बाई सर्वांसमोर म्हणाल्या, “कोकणातली का? मग नाकातून बोलणारच.” वर्ग हसला. मी फळ्याकडे वळून अपूर्णांकांचा भागाकार शिकवत राहिले. पाठ संपल्यावर त्यांना विचारलं, “गणितात काही चुकलं का?” नव्हतं चुकलं. तरी गुण कापले, उच्चाराचे.

नोकरी मला रत्नागिरीच्या त्याच शाळेत लागली आणि वर्ग मिळाला ‘क’. पुढे पाचवीचे प्रवेश माझ्याकडे आले, तेव्हा मी मुलाखती बंद केल्या. तुकड्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि भर पटांगणात, पालकांसमोर, मुलांनाच उचलायला लावल्या. ज्याच्या हाती जी तुकडी येईल ती त्याची. डॉक्टर बेर्डे यांचा स्वरूप आणि बंदरावर मासे विकणाऱ्या बाईची नम्रता एका बाकावर आली.

दिवाळीच्या आधी डॉक्टर तणतणत आले. “बाई, माझा मुलगा घरी ‘पानी’ म्हणायला लागलाय!”

“आणि नम्रता ‘पाणी’ म्हणायला लागलीय,” मी म्हटलं. “दोघांना दोन्ही येतंय. तुमचं नुकसान काय झालं?”

संस्थेने माझ्याकडून लेखी माफीनामा मागितला. मी दिला नाही. पुढच्या वर्षी मुलाखती पुन्हा सुरू झाल्या, आणि मला ओलांडून माझ्या मागच्यांना मुख्याध्यापक केलं. त्या एका वर्षाबद्दल मला आजही काडीचाही पश्चात्ताप नाही, हे या दस्तात मुद्दाम नमूद करते.

नम्रता बी.कॉम. झाली आणि आईच्याच जागी मासळीचा धंदा करते. तिच्या तोंडावर लोक म्हणतात, “शिकून काय उपयोग? शेवटी मासेच विकतेस.” ती उत्तर देते, “मग तुम्ही न शिकलेलीकडून घ्या.” माझं घर तिला देण्यास एवढं कारण पुरेसं आहे.

कलम दुसरे. माझा भाऊ आत्माराम यास काहीही मिळू नये. पुण्यात राहायला गेल्यावर त्याने लोकांना आमची हापूसची कलमं आहेत असं सांगितलं. आमच्या दारात रातांब्याचं एक झाड होतं, तेही शेजाऱ्याचं. त्याच्या मुलाच्या, निहारच्या लग्नात तो माझ्या कानाशी लागला, “आक्का, पाहुण्यांसमोर जरा कमी बोल.” मी माइक मागून घेतला आणि आमच्या बापाची होडी, आमची वाडी, सगळं आमच्या बोलीत सांगितलं. पाहुणे खूश झाले. आत्माराम त्या दिवसापासून बोलत नाही.

दाभोळच्या घरातला माझा हिस्सा मात्र निहारला द्यावा, विनाअट. परवा त्याने फोनवर विचारलं, “आत्या, तू लग्नात होडीचं बोललीस. बाबांचे वडील नक्की काय करायचे?” त्याआधी त्याला घरी कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्याचा त्यात दोष नाही.

कलम तिसरे. शाळेच्या नव्या सभागृहासाठी देणगी दिल्यास माझं नाव लावू, असं संस्थेने कळवलं आहे. नाव नको, देणगी नाही. चिठ्ठ्यांचा स्टीलचा डबा तेवढा द्यावा. माझी बँकेतली शिल्लक पहिल्या कलमातल्या घराच्या खर्चासाठी नम्रताकडे द्यावी. अंमलबजावणी स्वरूपने करावी.

कलम चौथे. शोकसभा घेतलीच तर ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात करून वर आल्या’ असं म्हणणाऱ्याला तिथेच खाली बसवावं. माझी परिस्थिती प्रतिकूल नव्हती. घरात भात होता, कालवण होतं, मुलीला शिकवायचंच म्हणणारा बाप होता. प्रतिकूल होते ते टेबलापलीकडचे लोक. आणि मी वर आले नाही. मी होते तिथेच होते, त्यांना खाली दिसत होते.

स्थळ : रत्नागिरी
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

(सही) सखू भागोजी पालशेतकर

बाईंनी हा मजकूर आम्हां दोघांना स्वतः मोठ्याने वाचून दाखवला, आमच्यासमोर सही केली, मग त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार :
१. (सही) भिवा सदू डोर्लेकर, होडीमालक, ‘क’ तुकडी
२. (सही) सलोनी नितेश शिवलकर, परिचारिका, ‘क’ तुकडी