बासष्ट सेंटिमीटर काळी माती

७ एप्रिल, सोमवार

खड्डा क्रमांक सतरा. निंबखडी, गट ११२. डोकं उठलं!

काळी माती निघाली. निघायला नको होती. मातीच्या जुन्या नकाशात हा सगळा माळ हलका, मुरमाड म्हणून रंगवलाय आणि माळाचा उतार बघितला तर पटतंही. सिन्नरच्या पूर्वेला, उताराच्या वरच्या अंगाला, पाऊस जेमतेम. अशा जागी माती थांबत नाही, वाहून खाली जाते. आमचे सावळीरामभाऊ वीस वर्षं सर्वेक्षणाचे खड्डे खणतायत. पहार मारायच्या आधीच म्हणाले, वीतभर खाली मुरूम लागेल, दहा वाजेपर्यंत मोकळे होऊ. मुरूम लागला सत्तर सेंटिमीटरच्याही खाली. आम्ही मोकळे झालो दीडला.

आणि त्यात ती म्हातारी! गुलजारबी, शेताची मालकीण. साठीच्या पुढची, बारकी, डोक्यावर पदर घट्ट. साडेअकराला आली आणि खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली ती उठेचना. मी नमुन्याची पिशवी भरली तर हात पुढे करून म्हणाली, "माती न्यायची नाय."

मी समजावलं. प्रत्येक थरातली अर्धा किलो लागते, प्रयोगशाळेत तपासतात, सरकारी काम आहे. ती म्हणाली, खणा, बघा, मोजा, फोटो काढा. पण न्यायची नाय. शेवटी पिशव्या तिच्यासमोर खड्ड्यात उलट्या केल्या. तेव्हाच उठली.

एवढा दिवस गेला आणि हातात एक नमुना नाही.

८ एप्रिल

सोलरवाल्यांचा घोळ आज कळला. निंबखडीच्या माळावर सोलर प्रकल्प येतोय. त्यासाठी पडीक आणि हलक्या जमिनींची यादी होणार, आणि यादी होणार आमच्या नकाशावरून. तालुक्याच्या समितीला मे महिन्यात हवी आहे. म्हणजे मी 'हलकी' लिहिलं की गट ११२ यादीत, शेत सोलरला.

म्हणून ती काठावर बसली होती. मला सोलरची माणूस समजली असणार. आता तिच्यावर चिडताही येईना — याचाही राग.

११ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर पावसाचे आकडे. मातीचं वर्गीकरण करायचं तर ती वर्षातले किती दिवस ओली राहते ते सांगावं लागतं, त्याला तीस वर्षांचा पाऊस लागतो. तीन ठिकाणांहून मागवला. तीन सरासऱ्या आल्या — ४९७, ५४०, ६१२. एका फायलीत २०१८चा जुलै जसाच्या तसा २०१९मध्ये चिकटवलाय, दशांशासकट! कोणाच्या लक्षात आलं नाही. वापरलंच नसेल कोणी.

पण कुठलाही आकडा घेतला तरी गोष्ट जुळत नाही. एवढ्या कमी पावसात खोल काळी माती तयार होते तेव्हा तिच्यात चुनखडीचे खडे जमतात. शिवाय ओली होऊन फुगते, वाळून आकसते, त्यामुळे आतली ढेकळं एकमेकांवर घासून आरशासारखी चकाकतात. सतरा नंबरमध्ये यातलं काही नाही. रंग काळा, चिकण भरपूर, आणि बाकी लक्षणं शून्य. माती खोटं बोलतेय असं वाटतं.

१४ एप्रिल

सुट्टी. वॉशिंग मशीनमध्ये मुरूम अडकला. माझा नवरा, संतोष, म्हणाला, ओझरच्या कारखान्यात आम्ही विमानं जोडतो तरी कपडे इतके मळत नाहीत. बोलले नाही त्याच्याशी.

१६ एप्रिल, बुधवार

सर्वेक्षणाच्या ॲपमध्ये माहिती भरायला बसले. 'माती कशी तयार झाली?' — पर्याय तीन. जागेवर खडक झिजून. नदीच्या गाळाची. उतारावरून वाहून आलेली. तिन्ही चूक. चौथा आहे 'इतर', तो दाबला की ॲप बंद पडतं. चार वेळा दाबला. चार वेळा पहिल्यापासून सगळं भरलं.

शेखर सर मागे येऊन उभे राहिले. आमचे वरिष्ठ. पुढच्या वर्षी निवृत्त. म्हणाले, एवढं काय अडलंय, जुन्या नकाशाप्रमाणे 'हलकी' टाका आणि पुढे सरका. मी म्हटलं, सर, मुरूम सत्तरच्या खाली आहे. ते म्हणाले, मग तुमचा खड्डा एखाद्या जुन्या बुजलेल्या नाल्यात पडला असेल.

माझा खड्डा नाल्यात! माळाच्या माथ्यावर नाला!

२१ एप्रिल, सोमवार

पुन्हा निंबखडी. नाला आहे की नाही हे बघायला शेतात आणखी सहा ठिकाणी गिरमिट फिरवलं. कमीत कमी ५८, जास्तीत जास्त ६५. तीस गुंठ्यांत सगळीकडे तेवढीच काळी. बांधात मात्र काळी नाही, नुसता मुरूम. नाला असा चौकोनी नसतो.

मग सतरा नंबरमध्ये उतरून भिंत नव्याने तासली. गेल्या वेळी घाईत मी नीट बघितलंच नव्हतं. वरून बासष्ट सेंटिमीटर काळी. मग सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. रेघेखाली दहा सेंटिमीटर तांबूस, खडेमिश्रित माती. त्याखाली मुरूम. निसर्गात एका थरातून दुसरा हळूहळू होतो, अशी रेघ पडत नाही. आणि रेघेच्या थोडं वर, सत्तेचाळीसवर, भिंतीतून काहीतरी हिरवं चमकलं. सुरीने सोडवलं. बांगडीची काच.

गुलजारबी काठावर होतीच. तिच्या हातात ठेवली. तिने उलटसुलट करून बघितली, आणि सांगायला लागली. मी विचारलंसुद्धा नव्हतं.

लग्न होऊन आली तेव्हा या शेतात कुळीथसुद्धा धड येत नव्हता. कुदळ मारली की ठिणगी. नवरा, नियाज, दुसऱ्याच्या मळ्यात सालाने होता. गावाखालचा पाझर तलाव उन्हाळ्यात आटला की तळाला गाळ उघडा पडायचा. एके वर्षी नियाजने मालकाची बैलगाडी मागून आणली आणि चार फेऱ्या इथे आणून टाकल्या. त्या कोपऱ्यात त्या साली बाजरी कमरेएवढी आली. मग दर उन्हाळ्यात. तो खोदायचा, ती पाट्या भरायची. एकोणीस उन्हाळे. बारा वर्षांपूर्वी नियाज गेला, तेव्हा एवढा एक कोपरा राहिला होता. तो तिने एकटीने डोक्यावरून पाट्या वाहून भरला.

"एक ढेकूळबी हितलं नाय, बाई," ती म्हणाली. "समदं आणलेलं हाय. मंग तुमी पिशवीत भरून चालल्या, तवा मला कसं वाटंल?"

सावळीरामभाऊ खड्ड्यातून वर आले, डोक्याचा रुमाल काढला आणि बाजूला जाऊन बसले.

निघताना तिने स्वतःच पिशवी मागितली आणि हाताने भरून दिली.

२२ एप्रिल

हिशेब केला. तीस गुंठे, बासष्ट सेंटिमीटर. अठराशे घनमीटरच्या वर. बैलगाडीच्या अडीच हजार फेऱ्या तरी. पुन्हा केला. तेवढाच.

२४ एप्रिल, गुरुवार

सरांशी भांडण. सगळ्या ऑफिससमोर.

मी सगळं सांगितलं. माणसांनी आणून घातलेल्या मातीला वर्गीकरणात जागा आहे, तिचा वेगळा प्रकार आहे, पन्नास सेंटिमीटरच्या वर थर असेल तर बसतो, पुस्तकात पान आहे — पान उघडून समोर ठेवलं. सरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, उद्या कोणीही चार ट्रॉल्या गाळ टाकेल आणि म्हणेल माझी जमीन भारी. नकाशा जमिनीचा असतो, मेहनतीचा नसतो.

मी म्हटलं, मग जुना नकाशाच चुकीचा असेल. ज्याने केला त्याने खड्डा तरी खणला होता का?

सर उठून आत गेले, जुनी फाइल आणली, टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला निघून गेले. फाइल उघडली. निंबखडी, १९९८. सर्वेक्षकाची सही — शेखर सरांची.

अशी लाज वाटली. आणि सांगायचं होतं ना आधीच!

२९ एप्रिल, मंगळवार

१९९८ची नोंद चार दिवस दहा वेळा वाचली. 'दहा सेंटिमीटर. तांबूस तपकिरी, खडेमिश्रित. खाली मुरूम.' ठिकाण गट ११२च्या वरच्या बांधापासून पन्नास पावलं. माझ्या खड्ड्यापासून हाकेच्या अंतरावर.

सर चुकले नव्हतेच. आज सकाळी त्यांच्या टेबलापाशी गेले, आधी माफी मागितली, मग म्हटलं, सर, तुमची दहा सेंटिमीटर माती अजून तिथेच आहे. चला, दाखवते.

ते येतील असं वाटलं नव्हतं. आले. गाडीत सातपूरपासून सिन्नरपर्यंत एक शब्द नाही. शेतात पोचल्यावर बूट काढले, पँट दुमडली आणि सत्तावन्नाव्या वर्षी खड्ड्यात उतरले. रेघेवरून बोट फिरवलं. खालची तांबूस माती चिमटीत घेतली, थुंकी लावून मळली, रंगाच्या पुस्तिकेतल्या चौकटीशी धरली. खड्ड्यातच उकिडवे बसले.

मग वर न बघता म्हणाले, "हीच. उन्हाचा असाच बसलो होतो इथे. एक बाई पाणी घेऊन आली होती."

गुलजारबी म्हणाली, तिला काही आठवत नाही, पाणी तर सगळ्यांनाच देतो. आणि तांब्या आणायला गेली.

परतताना सर बोलायचे थांबेनात. म्हणाले, तुमच्याकडे खड्डा आहे, माझ्याकडे सत्तावीस वर्षांपूर्वीची नोंद आहे. दोन्ही जोडा. माती आणलेली आहे याचा याहून पक्का पुरावा कुठे मिळणार? इंदिरानगरच्या कोपऱ्यावर मला सोडताना म्हणाले, योगिनी, चांगलं काम केलंत. आठ वर्षांत पहिल्यांदा!

५ मे, सोमवार

अहवाल गेला. ॲपचा 'इतर' अजून बंदच, म्हणून कागदावर. गट ११२ — 'मानवाने आणलेल्या गाळाची, खोल, शेतीयोग्य'. सोबत सरांची १९९८ची नोंद, भिंतीचा फोटो, प्रयोगशाळेचा तक्ता.

सर म्हणाले, समिती बिचकेल. एक अपवाद मान्य करतील, नियम मोडणार नाहीत. शेवटी एक वाक्य घाला. मी घातलं — 'माळावर इतरत्र अशी माती आढळत नाही.' पटकन लिहिलं. जीव त्या तीस गुंठ्यांत अडकला होता.

१६ मे, शुक्रवार

यादी लागली. ११२ नाही! दोनदा तपासली. बाकी माळ सगळा आहे, ११२ नाही.

गुलजारबीला फोन केला. शेजारच्या कोणीतरी उचलला, मग ती आली. बरं झालं म्हणाली. मग तिने विचारलं, यादी लागली म्हणजे बाकीच्यांचं झालंच का? मी हो म्हटलं. ठेवला तिने. एवढं करून आवाजात आनंद नाही. जरा लागलंच मला.

१९ मे, सोमवार

सकाळी ऑफिसच्या फाटकावर निंबखडीची माणसं. एकेचाळीस. बायाच जास्त. गुलजारबी पुढे.

त्यांच्याकडून कळलं, तलावावर त्या काळी एकट्या गुलजारबीचीच गाडी नव्हती. तीस-चाळीस गाड्या असायच्या. अख्ख्या माळाने गाळ वाहिला. मी तिथे एक खड्डा खणला, एका शेतात गिरमिट फिरवलं, आणि 'इतरत्र आढळत नाही' लिहिलं. यादी त्या वाक्यावर लागली.

मी गुलजारबीला म्हटलं, मला सांगितलं का नाही?

"माझं मी सांगितलं, बाई," ती म्हणाली. "बाकीच्यांचं तुमी इचारलंच नाय."

साडेअकराला मी माझा अहवाल चुकीचा असल्याचं पत्र समितीला दिलं. सरांनी खाली सही केली.