चमचाभर डाळ

सेक्टर २७, चंदीगड
१२ मार्च १९७८

प्रिय विनू,

तुझं पत्र पोचलं. लीड्सला जाऊन पाच महिने झाले तरी बॅग पलंगाखाली भरलेलीच आहे, कॉलेजबाहेर कुणाशी बोलत नाहीस, खोलीत एकटीच ब्रेड खातेस आणि शिक्षण सोडून परत यायचं म्हणतेस. बाबांनी वाचलं आणि चष्मा पुसत बसले. ‘येऊ दे पोरीला,’ एवढंच म्हणाले. त्यांचं काय, ते तर तुला विमानतळावरूनच परत आणायला निघाले होते! म्हणून उत्तर मी लिहिते आहे.

बॅग न उघडणं आपल्या घराण्यातच आहे बाई. बाबांची इथे बदली झाली तेव्हा वाईहून आणलेली मोठी ट्रंक मी कित्येक महिने उघडली नव्हती. कशाला उघडायची, लवकरच परत जायचंय! इथले सगळे क्वार्टर एकसारखे. भाजीची पिशवी घेऊन मी दोनदा भलत्याच स्वयंपाकघरात शिरले. माझं हिंदी ऐकून भाजीवाला हसायचा. पण चैत्र आला आणि राहवेना. ट्रंकेतून तेवढी गौर काढली आणि शेजारच्या सात-आठ जणींना हळदीकुंकवाला बोलावून आले.

तू चौथीत होतीस, तुला फक्त राजमा आठवत असेल. आपल्याकडे कसं, बायका येतात, कुंकू लावून घेतात, वाटली डाळ खातात, पन्हं पितात आणि घरी जातात. इथे आमंत्रण म्हणजे जेवण, तेही सहकुटुंब, हे मला कोण सांगणार? संध्याकाळी नवरे, मुलं, सासूसासरे, सगळी पलटण दारात! शेजारच्या हरबन्स कौरचे सरदारजी तर कडक पगडी बांधून सगळ्यांच्या पुढे. मी प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर डाळ ठेवली. त्यांनी ती खाल्ली, वाहवा केली आणि बसून राहिले. भिजवलेले हरभरे दिले. तेही खाल्ले. बसूनच! बाबा आत येऊन कुजबुजले, ‘अगं, ही मंडळी जाणार कधी?’ शेवटी हरबन्स माझ्यामागे स्वयंपाकघरात आली, थंडगार शेगडी बघितली आणि ‘हाय रब्बा, भाभीजी!’ म्हणत पोट धरून हसली. मग ती घरून राजम्याचं पातेलं घेऊन आली, कुणी तंदूरच्या रोट्या आणल्या, आणि त्या सगळ्यांनी माझ्याच घरात मला आग्रह करकरून वाढलं. तेव्हापासून मी ‘चम्मचवाली भाभी’. त्या रात्री लाजेनं रडले, पण दुसऱ्या दिवशी ट्रंक पार तळापर्यंत रिकामी केली.

आता बातमी. बाबांच्या बदलीचा हुकूम आलाय, पुण्याचा. ज्याच्यासाठी इतकी वर्षं गणपतीला साकडं घातलं ते झालं, आणि मी दोन दिवस डोळ्यांना पदर लावून बसले आहे. हरबन्स तर माझ्याशी बोलतच नाही. म्हणून हे पत्र. तुला यायचंच असेल तर ये, घर तुझंच आहे. पण निघताना रडू येईल असं एखादं माणूस तिथे जोडल्याशिवाय येऊ नकोस. बॅग उघड. तळाशी, निळ्या स्वेटरच्या घडीत मी कुंकवाची डबी ठेवली आहे. चैत्र येतोच आहे. कैरी मिळणार नाही, आंबट सफरचंद किस. मजल्यावरच्या मुलींना बोलाव. आणि चांगलं पोटभर जेवायला घाल गं. घराण्याची अब्रू एकदा गेली तेवढी पुरे.

तुझीच,
चम्मचवाली आई