भाचीचा निकाल

१७ नोव्हेंबर, रविवार सकाळ

ती. दादा,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र टेबलाच्या कडेला सारशील, हे धरूनच लिहायला बसले आहे. मग ते वहिनी उघडेल. वहिनी, तूच उघडलं असशील तर त्याला मोठ्यानं वाचून दाखव, आणि कारखान्यात लेथ चालू असेल तर आधी बंद करायला लाव. त्या आवाजात त्याला नको ते बरोबर ऐकू येत नाही.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं, वहिनी. बरं वाटलं. माझा गुडघा जिने चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प. वरच्या मजल्यावरचा पाइप गळतो आणि माझ्या ओट्यावर टपटपतो. घरमालक म्हणतात, "बघतो." मी खाली बादली लावली आहे. "बघतो" हा शब्द नोकरीत इतक्यांदा ऐकलाय की आता राग येत नाही, बादलीच आठवते.

दादा, चार महिने झाले आपण बोललो नाही. शेवटचं वाक्य तुझं होतं, "परक्यानं पास केली आणि सख्ख्या आत्यानं नापास. लाज वाटायला हवी." मी फोन ठेवला. तेव्हा सांगायचं राहिलं ते आता सांगते. मध्ये पान टाकून देऊ नकोस.

आमची कंपनी छोटी. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी मोठ्या कंपनीशी करार केला. विमानं आमची, पायलट आमचे, विमानावरचा रंग आणि तिकिटं त्यांची. दिवसाला ठरलेल्या फेऱ्या उडवायच्या म्हणजे उडवायच्याच, सबब चालणार नाही. करार झाला त्या दिवशी आम्ही बासष्ट पायलट होतो. त्यानंतर सगळ्यांना सांगितलं, कायमची नोकरी सोडा आणि वर्षावर्षाच्या करारावर या. बरेच आले, चोवीस उठून गेले. उरलो अडतीस. फेऱ्या तेवढ्याच. बैठकीत मी विचारलं, "माणसं कुठून आणणार?" साहेब म्हणाले, "शिक्षण आटोपशीर करू."

आटोपशीर म्हणजे काय, तर सिम्युलेटरमधली, म्हणजे त्या नकली कॉकपिटमधली, चौदा सत्रं होती त्यांची आठ केली. त्या आठ सत्रांतून पहिली नऊ मुलं बाहेर पडली, त्यांत तुझी टिंगू.

परीक्षा घेणारे आम्ही तिघं होतो. दोघं सोडून गेले, मी उरले. नात्यातल्या माणसाची परीक्षा घेऊ नये, एवढं तर शाळेतल्या बाईंनाही कळतं. मी तसं लेखी दिलं. साहेब हसले. "अहो मॅडम, घरचीच मुलगी आहे ती. उलट बरं नाही का?"

आलं ना लक्षात, दादा? मी तिला अलगद सोडीन, या भरवशावरच तिला माझ्यापुढे बसवलं होतं.

परीक्षा सिम्युलेटरमध्येच होती. विमानानं धावपट्टी सोडल्यावर लगेच मी डावं इंजिन बंद पाडलं. अशा वेळी घाई करायची नसते. आधी विमान सरळ धरायचं, कुठलं इंजिन गेलं ते दोन्ही पायलटांनी मोठ्यानं म्हणायचं, आणि मगच गेलेल्या इंजिनाचा खटका ओढायचा. टिंगूनं उजवा ओढला. चालू असलेला. दोन्ही इंजिनं गप्प झाली, समोरचा पडदा लाल झाला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी सायकलवरून पडल्यावर बघायची ना, अगदी तशी. मी तिला उचलून घेतलं नाही. म्हटलं, "पुन्हा."

दुसऱ्या खेपेला तिचा हात बरोबर खटक्यावर गेला, पण तोवर विमान आडवं झालं होतं.

मी फॉर्मवर "नापास" लिहिलं. त्या नऊ जणांतली तीन मुलं मी नापास केली. तुला त्यांतली एकच दिसली.

मुलीत खोट नाही. आठ सत्रांत तूही लेथ शिकला नसतास. गिऱ्हाईक दारात उभं राहून कितीही तणतणलं तरी मापात न बसलेला लोखंडी बुश तू आजवर कुणाला ठोकून दिलेला नाहीस. "उद्या या," म्हणतोस आणि पुन्हा कातायला घेतोस. तुला कुणी म्हणालं का कधी, की लाज वाटायला हवी?

पुढचं तुला ठाऊक आहे. कंपनीनं बाहेरून एक परीक्षक आणला. त्यानं एका दिवसात तिघांनाही पास केलं. तू अख्ख्या गल्लीला सांगितलंस. मला साहेबांनी परीक्षकाच्या कामावरून काढलं आणि पुन्हा नुसतं विमान चालवायला बसवलं. तिथं मी खूश होते. विमान कुणाच्या नात्यातलं नसतं.

इथवर ताठ मानेनं लिहिलं. पुढचं लिहिण्याआधी दोनदा उठून बादली ओतून आले, आणि ती अर्धीसुद्धा भरली नव्हती.

बाहेरच्या परीक्षकानं घेतलेल्या त्या परीक्षेनंतर आठवड्याभरात सिम्युलेटर चालवणारा तंत्रज्ञ माझ्याकडे आला. त्यानं एक कागद हातात दिला. सिम्युलेटरमध्ये काय काय घडलं त्याची नोंद यंत्र आपोआप ठेवतं, ती त्यावर छापलेली होती. टिंगूची परीक्षा चाळीस मिनिटं चालली होती. चाळीस मिनिटांत त्या गृहस्थानं एकदाही इंजिन बंद पाडलं नव्हतं. ज्यात ती चुकली होती, तेच विचारलं नव्हतं.

मी तो कागद कपाटात चादरींच्या खाली ठेवला. चार महिने.

का, ते तुला सांगायला हवं. तुझ्या धाकानं. आधीच तू बोलत नव्हतास. हे बाहेर काढलं असतं तर कायमचा तुटला असतास. साहेबांसमोर भर बैठकीत उभी राहणारी तुझी बहीण भावाच्या अबोल्याला घाबरली, आणि त्या चार महिन्यांत तुझी लेक रोज माणसं घेऊन उडत होती. माझ्या हातून चूक झाली ती ही. तिला नापास केलं ती नव्हे.

मागच्या गुरुवारी दुपारी टिंगू माझ्या दारात उभी राहिली. गणवेश पिशवीत कोंबलेला. वहिनीच्या डोळ्याचं तिनंच सांगितलं, पाणी प्यायली, आणि मग बोलली.

"आत्या, परवा उतरताना आडवा वारा होता. विमान बाजूला जायला लागलं आणि मला काही सुचेना. कॅप्टन ओरडले, 'सोड, माझ्याकडे दे!' आणि त्यांनी घेतलं. चाक कडेच्या दिव्यांजवळून गेलं. मागे चौपन्न माणसं होती. त्यांना कळलंसुद्धा नाही. उतरताना एका आजींनी मला थँक्यू म्हटलं."

"कॅप्टननी लेखी कळवलं?"

"म्हणाले, होतं असं, विसरून जा. आत्या, त्या माणसानं माझी परीक्षा घेतलीच नाही गं."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

मी कपाटातून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं वाचला, तारीख बघितली.

"चार महिने हे तुझ्याकडे होतं? आणि तू गप्प बसलीस?"

"तुझ्या बाबामुळे."

"बाबा काय रागावतील, जेवणार नाहीत दोन दिवस," ती म्हणाली. "त्या आजींना काय सांगितलं असतंस?"

दादा, मला इतकं कुणी बोललेलं नाही. साहेबांनीही नाही. सव्वीस वर्षांची पोर, पायलटच्या खुर्चीत बसली की मागे उशी घ्यावी लागते, आणि कुठलं इंजिन गेलंय ते या वेळी तिला बरोबर कळलं होतं.

त्याच दुपारी आम्ही दोघींनी बसून सरकारी तपासणी कार्यालयाला पत्र लिहिलं. करार, आठ सत्रं, चाळीस मिनिटं, आडवा वारा, आणि चादरींच्या खाली ठेवलेला कागद, तेही. माझी चूक मी वगळली नाही. शुक्रवारी सकाळी जाऊन स्वतः हातात दिलं.

तपासनीस दुपारीच आले. संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ मुलांचं उड्डाण थांबलं. पूर्ण चौदा सत्रं आणि नवी परीक्षा झाल्याशिवाय त्यांतल्या कुणाला खुर्चीत बसता येणार नाही. फेऱ्या रद्द झाल्या. मोठ्या कंपनीचे लोक विमानतळावर येऊन साहेबांशी दार लावून बोलले. मग साहेबांनी मला बोलावलं. टाइप केलेला कागद तयार होता.

"मॅडम, दोनच ओळी आहेत. गैरसमजातून तक्रार झाली, एवढंच. सही करा, सोमवारी ड्यूटीवर या."

"आणि नाही केली तर?"

"तर तुमचं काय करायचं ते बघतो."

"बघा," म्हटलं आणि उठले. तेवीस वर्षांची नोकरी, ऑफिसच्या कपाटातलं सामान एका पिशवीत मावलं. बाहेर चौघं पायलट उभे होते. एकानं पिशवी हातातून घेतली आणि गाडीपर्यंत आणून दिली. दुसरा म्हणाला, "सोमवारी साहेब आम्हालाही बोलावणार आहेत. आम्हीही सही करणार नाही." बाकीचे काय करतील, ठाऊक नाही. माझं काय होईल, तेही ठाऊक नाही. त्या दोन ओळी मात्र मी लिहून देणार नाही.

टिंगू इथेच आहे. आतल्या खोलीत पुस्तकं पसरून पहिल्या पानापासून बसली आहे. तुला फोन करायची तिची हिंमत होत नाही, म्हणून हे मी लिहिते आहे. रागवायचं असेल तर ये आणि समोर बसून रागव, फोनवर नको. माझ्यावर मन मोकळं होईतो ओरड. तिच्यावर ओरडण्याआधी मात्र सोबत जोडलेली तक्रारीची नक्कल शेवटपर्यंत वाच.

तक्रारीखाली दोन सह्या आहेत. मी म्हटलं होतं, माझी एकटीची पुरे, तुझं नाव यात नको, पुढे नोकरी कोण देईल. तिनं माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं. वरची सही तिची आहे.

तुझी धाकटी बहीण,
जिच्यापुढे तुझी मुलगी पुन्हा परीक्षेला बसली आणि पुन्हा चुकली, तर पुन्हा नापास होईल