सोळा मात्रांचा पाढा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
फेब्रुवारी १९५४

प्रिय श्यामल,

आज वर्गात कोवळं ऊन आलं आणि क्षणभर वाटलं, आपण पुन्हा दत्तोपंतांच्या गायनवर्गात आहोत. तू डोळे मिटून गाते आहेस आणि मी हातावर ताल धरून बसले आहे. भानावर आले तर समोर माझ्या दुसरीच्या मुली, आणि आम्ही चारचा पाढा म्हणत होतो.

यात गडमुडशिंगीची चिमणा आहे. तिचे वडील, आकाराम, शहरात दूध घालायला येतात आणि तिला शाळेत सोडून जातात. पाटीवर आकडे दिसले की पोरीचे डोळे भरायचे. दिवाळीनंतर आकाराम म्हणाले, "बाई, हिच्या डोस्क्यात हिशेब शिरत न्हाय. म्हशी राखंल, ऱ्हाऊ द्या आता." मी संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली खरी, पण करायचं काय ते सुचेना. मग एकदा मधल्या सुट्टीत ती झिम्मा खेळताना दिसली. तिची एक टाळी चुकत नव्हती, श्यामल!

दुसऱ्या दिवशी पाट्या बाजूला ठेवल्या आणि मुलींच्या हातांवर सोळा मात्रांचा त्रिताल दिला. टाळी, चार मात्रा, टाळी, चार मात्रा, तिसऱ्या खेपेला हात नुसता हवेत, पुन्हा टाळी. प्रत्येक चाराला बेरीज गायची. मुली डोलू लागल्या, सारा वर्ग जणू रंकाळ्याच्या पाण्यावर हलकेच तरंगत होता. एकाएकी चिमणा थांबली. "बाई, हात रिकामा गेला तरी चार धरायचंच व्हय?" मी म्हटलं, धरायचेच. "मग बारा हुत्यात की!" ती ओरडली, आणि खडू घेऊन फळ्यावर सोळापर्यंत लिहून मोकळी झाली. आकाराम दाराशी येऊन उभे होते. म्हणाले, "उद्या हिला जरा लवकरच आणतो."

आता मुलींना सूर हवाय, आणि माझा गळा तुला ठाऊक आहे. मोठ्या बाईंनी गायन शिक्षिकेची जागा मंजूर करून आणली आहे. तुझे यजमान यज्ञेश्वरराव गेल्यापासून तू मुरगूडला गात नाहीस, घरात तंबोरासुद्धा नाही, हे तुझ्या सासूबाई, माई, सांगत होत्या. तुझ्या दिरांना मी विचारलेलं नाही, माईंनाही नाही. तुलाच विचारते आहे: येशील?

वाट पाहणारी, तुझीच
नंदिनी